इंटरनेट चालू, वेबसाइट बंद: डीएनएसशी झालेली झटापट

राउटरवरचे दिवे हिरवे, वाय-फाय जोडलेलं, आणि ब्राउझर म्हणतोय सर्व्हरचा पत्ता सापडत नाही. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता (आयपी पत्ता) शोधून देणं हे डीएनएसचं काम. काही साइट उघडायच्या, पण इतक्या रखडत की चिडून टॅब बंद करावा.

इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. "राउटर बंद करून चालू करा." केला. पुन्हा फोन, दुसरा माणूस, तेच वाक्य. मग प्रश्न आला, "मोबाइलवर चालतंय का?" चालत होतं. "मग तुमच्या कॉम्प्युटरमध्येच प्रॉब्लेम आहे," आणि तक्रार बंद! हा निष्कर्ष मला अजून खुपतो. माझ्या मोबाइलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' लावलेलं आहे (अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे), म्हणजे तो राउटरला पत्ते विचारतच नाही, थेट बाहेरच्या डीएनएसला विचारतो. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर हीच रड होती, पण ते ऐकून घ्यायला पलीकडे कुणी नव्हतं.

खरं तर निदान एका मिनिटाचं आहे. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'पिंग ८.८.८.८' दिलं, म्हणजे गुगलच्या डीएनएस सर्व्हरला हाक मारली, उत्तर आलं. त्याच जागी साइटचं नाव दिलं तर काहीच नाही. म्हणजे लाइन ठीक, नावावरून आयपी पत्ता शोधून देणाराच झोपलेला. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस 'मॅन्युअल' करून गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरला, सेव्ह केलं. बहुतेकांचा सल्ला इथेच संपतो.

माझी रड इथून सुरू झाली. काहीच फरक नाही! कॅश, म्हणजे विंडोजने आधीचे साठवलेले पत्ते, साफ केली ('आयपीकॉन्फिग', मग तिरकी रेघ आणि 'फ्लशडीएनएस'), कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, आकडे पुन्हा तपासले. होस्ट्स फाइलसुद्धा (कॉम्प्युटरमधली नावं-पत्त्यांची स्वतःची यादी) उघडून पाहिली, तीही स्वच्छ. मधेच एक ब्राउझर झकास चालायला लागला आणि गोंधळ आणखी वाढला. त्या ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू होतं, त्यामुळे तो विंडोजची सेटिंग बाजूला ठेवून थेट बाहेर विचारत होता. तेव्हा ब्राउझरवरून काही ठरवू नका.

सुगावा लागला 'एनएसलुकअप'मुळे. ही कमांड आपण कुणाला विचारतोय ते पहिल्याच ओळींत सांगते. तिथे ८.८.८.८ दिसायला हवं होतं. दिसला 'एफई८०'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता, म्हणजे राउटरचा आयपीव्ही६ (नव्या, लांब पद्धतीचा) पत्ता. मी भरलेले आकडे फक्त आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे होते. आयपीव्ही६ साठी राउटर आपलाच पत्ता पुढे करत होता, विंडोज आधी त्यालाच विचारत होता आणि उत्तराची वाट बघत बसत होता. म्हणून सगळं रखडत होतं.

डीएनएस भरायच्या त्याच खिडकीत जरा खाली आयपीव्ही६ चं वेगळं बटण असतं. ते चालू करून २००१:४८६०:४८६०::८८८८ भरलं (गुगलच्याच डीएनएसचा आयपीव्ही६ पत्ता; टाइप करताना इंग्रजी अंकच हवेत) आणि पानं पटापट उघडायला लागली. इतका आनंद झाला की कस्टमर केअरला फोन करून ऐकवावं वाटलं, पण पुन्हा राउटर बंद करायला लावला असता.

आयपीव्ही६ सरळ बंदच करा असंही लोक सुचवतात. मायक्रोसॉफ्ट ते करू नका म्हणतं आणि गरजही नाही.

हो, एक राहिलंच: वाय-फायची आणि केबलची डीएनएस सेटिंग वेगवेगळी असते. केबल लावलीत की तिथेही हे सगळं भरा. आणि लॅपटॉप असेल तर बाहेरच्या वाय-फायवर लॉगिनचं पान कधी कधी या मॅन्युअल सेटिंगमुळेच उघडत नाही. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करायचं, लॉगिन झालं की परत आपले आकडे.