दिसायला सारखे, आतून वेगळे

मंगळवार, रात्री उशिरा

आज दिवसभरात कोडच्या फक्त नऊ ओळी लिहिल्या आणि त्यातल्या पाच ओळी कॉमेंटच्या आहेत. तरी या महिन्यातला हा सगळ्यात कामाचा दिवस वाटतोय, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

सकाळी आमच्या सॉफ्टवेअरबद्दल एक तक्रार आली. यादीत 'डोंगर-दऱ्या' हे शीर्षक समोर दिसतंय, पण शोधात 'दऱ्या' टाकलं की काहीच मिळत नाही. सोबत स्क्रीनशॉट. वर शोधलेला शब्द, खाली यादीतला शब्द, अगदी एकसारखे. मी टाकून पाहिलं तर पहिल्याच फटक्यात सापडलं. 'माझ्याकडे चालतंय' असं लिहून तिकीट बंद करायचा मोह अशा वेळी होतोच. पण तक्रार करणाऱ्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं. त्याच्या पडद्यावर काहीतरी वेगळं घडत असतं, आणि ते काय, हे शोधणं हेच माझं काम.

त्यांना एवढंच कळवलं: शब्द पुन्हा टाइप करू नका, शोधाच्या खिडकीतून कॉपी करून पाठवा. मजकुराशी संबंधित कुठलाही बग असला की पहिली मागणी हीच करावी. स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांचं चित्र येतं, अक्षरं येत नाहीत.

कॉपी केलेला शब्द आला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन्ही शब्द प्रिंट केले, तर पुन्हा सारखेच. मी प्रिंट लावून बग शोधणाऱ्यांपैकी आहे आणि त्यात कमीपणा मानत नाही. डीबगर उघडून पायरी-पायरीने जाण्यापेक्षा चार नेमक्या जागी चार ओळी छापल्या की बहुतेक वेळा उत्तर लवकर मिळतं. पण मजकुराच्या बाबतीत साधा प्रिंट फसवतो, कारण फॉन्ट सगळं नीटनेटकं करून दाखवतो. तिथे पायथनचं 'आस्की' हे फंक्शन वापरायचं. ते अक्षराचं चित्र न दाखवता थेट युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) क्रमांक छापतं.

मग फरक दिसला. आमच्या साठ्यातला शब्द पाच कोडपॉइंटचा, म्हणजे युनिकोडच्या पाच क्रमांकांचा: द, ऱ, हलन्त, य, काना. तक्रारदाराचा सहा कोडपॉइंटचा: द, साधा र, हलन्त, मग २००डी हा न दिसणारा जोडक, मग य, काना. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये (हे क्रमांक साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतो, आणि हा जोडकही तीनच घेतो. म्हणजे एक शब्द १५ बाइटचा, दुसरा १८ चा. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. चंद्रकोरीसारखा हा अर्धा र दोन्ही पद्धतींनी लिहिता येतो. आता ऱ (०९३१) वापरायची रीत आहे, पण साध्या र ला हलन्त आणि जोडक लावायची जुनी रीतही चालू ठेवलेली आहे. वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळी रूपं टंकतात आणि टंकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

इथपर्यंत यायला वीस मिनिटं लागली. खरा प्रश्न पुढे होता. हा शोध पूर्वी चालायचा, हे मला पक्कं आठवत होतं. मग मोडला कधी?

अशा वेळी माझा भरवसा गिट बायसेक्टवर. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, आणि बायसेक्ट ही त्यातली बिघाड शोधायची आज्ञा. आठवणीतून अंदाज बांधत जुन्या बदलांवर नजर फिरवणं मी सोडून दिलंय. चांगली अवस्था कुठली आणि बिघडलेली कुठली, एवढं सांगितलं की गिट दर वेळी मधोमध जाऊन विचारतं: इथे चालतंय का? शोधायचा टप्पा सुमारे ७०० कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा होता. दर फेरीला निम्मे बाद होतात, म्हणजे जास्तीत जास्त दहा फेऱ्या. त्याही हाताने करायची गरज नाही. 'बायसेक्ट रन'ला एक छोटी स्क्रिप्ट दिली की तीच उत्तर देत जाते. स्क्रिप्ट ० देऊन संपली तर कमिट चांगलं, १ देऊन संपली तर बिघडलेलं. फार थोड्या लोकांच्या लक्षात असलेला आकडा १२५ चा: त्याचा अर्थ 'हे तपासता येत नाही, पुढे चल'. मधल्या एखाद्या कमिटचा बिल्डच होत नसेल (चालणारा प्रोग्रामच तयार होत नसेल) तर हा आकडा अख्खा दिवस वाचवतो. आज चौथ्या फेरीला नेमकं तेच झालं. स्क्रिप्टमध्ये ती सोय आधीच केली होती, त्यामुळे मी जेवून परत येईपर्यंत गुन्हेगार कमिट पडद्यावर होतं.

ते माझ्या एका सहकाऱ्याचं होतं, पाच महिन्यांपूर्वीचं. त्याने शोधाआधी मजकूर सारखा करणारं एक घरगुती फंक्शन काढून त्याजागी लायब्ररीचं (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचं) एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करायची युनिकोडची ठरलेली रीत, बसवलं होतं. वाचताना बदल अगदी शहाणपणाचा वाटतो. लायब्ररीत तयार असलेली गोष्ट स्वतः कशाला लिहायची? आणि एनएफसी अर्धं काम करतंही: कुणी र ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून लिहिला असेल तर त्याचा ऱ करतं. पण त्या अदृश्य जोडकाला ते हात लावत नाही.

त्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, ते फंक्शन कशासाठी आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, लायब्ररी तेच करते."

मग मी 'गिट लॉग'ला मोठ्या एसचा पर्याय देऊन त्या फंक्शनचं नाव शोधलं. एखादा शब्द कोडमध्ये कुठल्या कमिटमध्ये आला आणि कुठल्या कमिटमध्ये गेला, हे त्यातून कळतं. कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारं 'गिट ब्लेम' फक्त आज शिल्लक असलेल्या ओळींबद्दल बोलतं. पुसून टाकलेल्या ओळींचा इतिहास हवा असेल तर हाच रस्ता. फंक्शन तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. कमिटचा संदेश: 'शोध दुरुस्त'. बस्स. ना कारण, ना उदाहरण, ना टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड). माझ्या डोक्यात त्या दिवशी सगळं लख्ख होतं आणि ते मी डोक्यातच ठेवलं. सहकाऱ्याची यात काहीही चूक नाही, आणि हे मी त्याला तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं.

कॉमेंट कशा असाव्यात यावर मी बरेच वाद घातले आहेत. कोड काय करतो हे कॉमेंटमध्ये सांगायची गरज नाही, ते कोड वाचून कळतं. पण तो असा का आहे, आणि सरळ दिसणारी सोपी वाट का सोडली, हे कोडमधून कधीच कळत नाही. 'लायब्ररीचं नॉर्मलायझेशन इथे पुरत नाही, कारण अमुक' एवढी एक ओळ मी तेव्हा लिहिली असती तर पाच महिने लोकांचे शोध रिकामे गेले नसते.

दुरुस्ती करताना एक सोपी वाट समोर आलीच. एका एआय सहायकाला प्रश्न टाकून पाहिला (मी रोज वापरते, टेस्टचा सांगाडा लिहून घ्यायला तो फार उपयोगी पडतो). त्याने सुचवलं की सगळे अदृश्य कोडपॉइंट पुसून टाका. ऐकायला छान, पण मराठीत घातक. जोडक नुसता पुसला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरांमधल्या खोल जागा शोधणाऱ्याला समुद्र सापडेल! 'आचाऱ्याला' लिहिलं असेल तर त्याचं 'आचार्याला' होईल. म्हणजे पुसायचं नाही, बदलायचं: साधा र, हलन्त, जोडक अशी तिकडी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त. ज्या भाषेतला मजकूर आपण हाताळतो, ती भाषा येणारा माणूस टीममध्ये असणं किती गरजेचं आहे, ते अशा वेळी कळतं. सहायकाचं उत्तर मी तपासू शकले, कारण 'दर्या' आणि 'दऱ्या' मी वेगळे उच्चारते.

टेस्टमध्ये 'दऱ्या' तिन्ही रूपांत घातला: ऱ चं, जोडकाचं आणि नुक्त्याचं. चौथी टेस्ट उलटी, 'दर्या' शोधल्यावर 'दऱ्या' मिळता कामा नये. त्या टेस्टमध्ये अक्षरं सरळ टाइप न करता युनिकोडचे क्रमांक लिहिले, नाहीतर उद्या कुणाचा एडिटर शहाणपणा करून सगळी रूपं एकच करून टाकायचा.

दोन किरकोळ नोंदी, विसरायच्या आत.

फाइलींमध्ये मजकूर शोधणारं रिपग्रेप मला फार आवडतं, पण दुपारी त्याने दहा मिनिटं खाल्ली. जुना नमुना मजकूर शोधत होते आणि ते म्हणे, कुठेच नाही. फाइल होती, पण गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत. रिपग्रेप ती यादी मुकाट्याने पाळतं. 'वजा यू' हा पर्याय दिला की सापडतं. 'नाही' असं उत्तर आलं की आधी विचारायचं, नक्की कुठे कुठे पाहिलं?

दुसरी: नव्या मुलीने चुकून 'रिसेट हार्ड' (कोड मागच्या अवस्थेला नेणारी गिटची आज्ञा) केलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्याजवळ बसून 'रीफ्लॉग', म्हणजे गिटची हालचालींची नोंदवही, दाखवला. कमिट केलेलं काम गिट लगेच टाकून देत नाही, असं लटकलेलं कमिटही मूळ सेटिंगनुसार किमान ३० दिवस तिथे सापडतं. तिची दोन्ही कमिट परत आली. कमिट न केलेले बदल मात्र गेले, ते रीफ्लॉगला माहीतच नसतात. म्हणून तिला सांगितलं, दर तासाला कमिट करत जा, संदेश कसाही असू दे, पाठवण्याआधी नीट करता येतो. आज दिवसभर जे पाहिलं त्यानंतर 'नीट करता येतो' यातला 'नीट' मी तिला जरा जास्तच वेळ समजावला.

दुरुस्ती संध्याकाळी मुख्य शाखेत गेली. पण गेल्या पाच महिन्यांत साठवलेल्या नोंदींमध्येही जोडकाची रूपं शिरलेली आहेत, ती अजून तशीच आहेत. त्या बदलणारी स्क्रिप्ट लिहून झाली. आधी फक्त मोजणी करून यादी छापायची, बदल काही करायचा नाही, अशी ती आत्ता चालू आहे. सकाळी सहकारी आणि मी ती यादी मिळून वाचणार आहोत, मगच पुढचं.