बिल उतरलं, तरी तुम्ही सही का करत नाही?

लातूरच्या एमआयडीसीतून, उदगीरहून, हल्ली जालन्याहूनही फोन येतात आणि प्रश्न एकच असतो: "साहेब, वीज वाचवायचं मशीन बसवलं, विजेचं बिल उतरलं, दोन्ही बिलं तुमच्यासमोर आहेत. बचतीच्या दाखल्यावर सही करायला तुमचं काय जातं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं काही जात नाही, जातं तुमचं. "बचतीतला निम्मा वाटा, तीन वर्षं" असा करार असला की दर महिन्याला तुम्ही त्या मशीनमुळे जेवढं बिल उतरलं त्याचे पैसे मोजायला हवेत. बाकी कशाने उतरलं असेल तर त्याचा वाटा मशीनच्या कंपनीला का द्यायचा?

मशीनवाल्याला आपण बोलावतो कधी? बिल अंगावर येतं तेव्हा. डाळ मिलमध्ये ते फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, कारण नवी तूर बाजारात उतरलेली असते आणि मिल दोन्ही पाळ्या चालते. पुढे आवक घटते, तसं बिलही घटतं. मार्चमध्ये मोटारीला गंडा बांधला असता तरी जूनचं बिल उतरलंच असतं.

यावर हिशोबी माणूस म्हणतो, क्विंटलमागे युनिट काढा. काढलं तरी भागत नाही. समजा, मिल नुसती सुरू ठेवायला दिवसाला ३०० युनिट लागतात आणि वर दर क्विंटलला ४. मग १०० क्विंटल भरडले तर क्विंटलमागे ७ युनिट पडतात, २०० भरडले तर साडेपाच. काहीही न बसवता २१ टक्के बचत दिसली! म्हणून आधीच्या महिन्यांचे रोजचे क्विंटल आणि रोजचे युनिट मांडून रेघ ओढावी लागते. नंतरचे ठिपके त्या रेघेच्या खाली पडले, तरच पुढे बोलायचं.

हे सगळं मी सख्ख्या बहिणीच्या घरी बसून सांगितलं आहे. दाजींची डाळ मिल आहे, उच्चदाब जोडणीची. मार्च सरता सरता त्यांनी असंच एक पॅनेल बसवलं. आत कपॅसिटर होते, ड्रायरच्या पंख्याला ड्राइव्ह, म्हणजे वेग कमी-जास्त करणारं यंत्र, होता आणि एक सीलबंद पेटी होती. पेटीत काय आहे विचारलं की "आमचं तंत्रज्ञान" एवढंच उत्तर. किमतीतला मोठा हिस्सा त्या पेटीचा.

ड्राइव्हबद्दल मला शंका नव्हती. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते, हे कुठल्याही पंख्याला लागू आहे. कपॅसिटरचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या खऱ्या विजेवर नव्हे तर लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर निघतं. १००० युनिट खरी वीज वापरली आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खऱ्या विजेचा हिस्सा, ०.८० असला तर १२५० मोजले जातात, तोच कपॅसिटरने ०.९८ वर नेला तर सुमारे १०२०. अठरा टक्के इथेच आले, आणि तेवढं काम साधी, स्वस्त कपॅसिटर बँकही करते. मग पेटीच्या वाट्याला काय उरतं, एवढंच मी विचारत होतो.

मुनीमजींनी त्यांची वही पुढे सरकवली. समासात रोजची नोंद होती: "ऊन" किंवा "ड्रायर". एप्रिल-मे जवळजवळ सगळे "ऊन". तेलपाणी दिलेली तूर बाहेर पटांगणात वाळत होती आणि ड्रायर बंद होता. कंपनीच्या तक्त्यात मे महिन्याची ती बचतही पॅनेलच्याच नावावर होती.

मी म्हणालो, पेटी आठवडाभर चालू, आठवडाभर बंद ठेवू, आणि कुठला आठवडा कसा ते चिठ्ठीने ठरवू. पीक कापणी प्रयोगात प्लॉट कोणाच्या मर्जीने निवडत नाहीत, हे पीक विम्यासाठी भांडलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात ती पद्धत देशात रुजवली ती याचसाठी. आठवडे कंपनीने निवडले असते तर बंदचे आठवडे नेमके ड्रायरच्या दिवसांत आले असते.

दाजी उठून उभे राहिले. "मेव्हणे, बिल कमी आलंय ते दिसंना का तुमाला? आता मिल चिठ्ठ्या टाकून चालवायची व्हय?" अक्का चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. चिठ्ठ्या पडल्या नाहीत. मी सही केली नाही. पुढे एका लग्नात, चार माणसांत, मला ऐकू जाईल असं ते म्हणाले की घरच्या माणसाचं चांगलं झालेलं काहींना बघवत नाही. ते मला अजून लागतं.

खरं तर पेटी खोटी आहे असंही मी कधी म्हटलेलं नाही. अक्काने एकदा बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, फसलो का आम्ही?" तेही मला सांगता आलं नाही. चाचणीच झाली नाही, तर बचत झाली नाही हे तरी कशावरून म्हणू?

वाळूजच्या कारखान्यात होतो तेव्हा मी मागच्या वर्षीचा तोच महिना ताडून सही करायचो आणि ते पुरेसं आहे असं ठामपणे मांडायचो. मग २०२० आलं. बिलाची पद्धत बदलली आणि लॉकडाऊन लागला, दोन्ही एका आठवड्याच्या आत. ते वर्ष कशाशी ताडणार? पण तेव्हाचा मी आजही उलट विचारतो: मालकाला तीस तारखेला हप्ता भरायचा असतो, तुझी रेघ आणि चिठ्ठ्या होईपर्यंत त्याने काय करायचं? याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तरी सही करवत नाही.

उदगीरहून ज्यांचा फोन आला होता, त्यांचं पॅनेल अजून बसायचं आहे. त्यांनी मागच्या वर्षभराची रोजच्या क्विंटलची वही आणि मीटरच्या नोंदी आधी पाठवाव्यात. कपॅसिटर, ड्राइव्ह आणि पेटी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. पेटी आठवड्यांच्या चिठ्ठीप्रमाणे बंद ठेवता येईल, हे कलम करारात मागावं. कंपनी नाही म्हणाली, तर ते नाहीसुद्धा लेखी घ्यावं आणि मला दाखवावं.