ती किती बोलते, मॅडम

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी कॉलेजात पोस्टर स्पर्धा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि तणावमुक्तीवर भाषण हे ठरलेलं. मी सोलापूरच्या एका कॉलेजात समुपदेशक म्हणून जाते. त्या वर्षी मी म्हटलं, भाषण राहू दे, सिनेमा दाखवू.

निवडला ‘प्रोझॅक नेशन’. एलिझाबेथ वुर्ट्झेलच्या १९९४ सालच्या आत्मकथनावर बेतलेला. हार्वर्डला गेलेली, झकास लिहिणारी मुलगी पहिल्याच वर्षी खचत जाते, त्याची गोष्ट. क्रिस्टिना रिची मुलगी, जेसिका लँग आई. २००१ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, पण अमेरिकेच्या थिएटरांत रीतसर लागलाच नाही. २००५ मध्ये टीव्हीवर आला. सगळा कॉलेजात दाखवण्यासारखा नाही, ड्रग्ज आहेत, बाकीचंही आहे. त्यामुळे वेचक प्रसंग घेतले आणि अधूनमधून थांबवून मराठीत समजावून सांगत गेले.

चर्चेत पहिला हात मागच्या बाकावरून वर आला. “मॅडम, हार्वर्डला ॲडमिशन मिळालं, आता हिला काय कमी आहे?” शेजारचा पुटपुटला, “नखरे बे नुसते.” हशा पिकला. मला राग आला नाही. सिनेमाच तसा आहे. नायिका मैत्रिणीला तोडते, प्रियकराच्या मागे हात धुऊन लागते, आईशी कडाकडा भांडते. रिचीचं काम उत्तम, पण बघणाऱ्याची समजूत अशी होते की डिप्रेशन म्हणजे आदळआपट. शांत बसलेल्या पोरीकडे मग कुणाचं लक्ष जाणार?

हॉल रिकामा झाल्यावर एक मुलगी सहीसाठी आली. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हजेरी कमी भरल्याचा अर्ज होता. कारणांच्या रकान्यात एकाखाली एक: डोकेदुखी, अशक्तपणा, अंगात कणकण, पुन्हा डोकेदुखी. जूनपासूनची यादी. अक्षर वरच्या ओळींत टपोरं, खाली येता येता बारीक होत गेलेलं.

“पिच्चर कसा वाटला?” मी सहज विचारलं.

“ती किती बोलते, मॅडम,” ती म्हणाली. “मला तर आईशी बोलायचं पण जिवावर येतं.”

मी तिला समुपदेशनाच्या खोलीत नेलं. तिला रडू येत नव्हतं. दहा-बारा तास झोपायची, तरी उठताना अंग शिशाचं झाल्यासारखं वाटायचं. पुस्तकाचं एक पान तासभर उघडं राहायचं. आधी गड्ड्याच्या जत्रेची वाट बघणारी मुलगी, त्या वर्षीच्या जानेवारीत मैत्रिणी बोलवायला आल्या तरी घरातच पडून होती. मी नऊ प्रश्नांची ती नेहमीची प्रश्नावली काढली. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता, असे प्रश्न असतात. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा. तो मी कधीच वाचायला देत नाही, तोंडाने विचारते. विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं ही भीती उगाचची आहे.

“करायचं काही नाही,” ती म्हणाली. “पण सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं रोज वाटतं.”

काही ठरवलंय का, घरात काही साठवलंय का, हेही विचारलं. नव्हतं. तरीही तिला एकटीला घरी पाठवायचं नव्हतं. आईला सांगते म्हटल्यावर ती आधी नाही म्हणाली. मग स्वतःच फोन लावला.

आई पूर्व भागातून रिक्षाने आली. विड्या वळणारी बाई. बोटांची पेरं तंबाखूने काळपट पडलेली. लेकीशी तेलुगू, माझ्याशी मराठी. “मी हिला पानाला हात लावू देत नाही, शिकू दे म्हणून,” ती म्हणाली. “झोपून असते तर मला वाटलं, लाडानं आळशी झाली.”

मी सांगत गेले. हा आळस नाही, आजार आहे, औषध आहे. ती लेकीच्या हातातल्या अर्जाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, “ही दोन महिन्यांची होती तेव्हा मी पण अशीच पडून होते. दूध पाजायचं पण कळत नव्हतं. सासू म्हणाली बाहेरचं आहे. गाणगापूरला नेऊन ठेवलं महिनाभर.” मुलगी आईकडे बघतच राहिली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत गेल्या. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगितलं, कारण तिथं गडबड असली तरी माणूस असाच गळून जातो. मग गोळी सुरू झाली. फ्लुओक्सेटीन, म्हणजे सिनेमाच्या नावातली प्रोझॅकच. परिणाम जाणवायला तीन-चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं, आणि या वयात पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. हे मी आईला दोनदा सांगितलं. लोक आठव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून गोळ्या बंद करतात.

पुढच्या भेटीत मुलीने विचारलं, “ती पुस्तकवाली आता कुठं असते?” म्हटलं, येलला कायदा शिकली, वकील झाली, २०२० मध्ये कॅन्सरने गेली. “म्हणजे यानं नाही गेली,” ती म्हणाली, आणि बाटलीतलं पाणी प्यायली.

राहिला अर्ज. आईचं म्हणणं, कागदावर अशक्तपणाच लिहा, उद्या सोयरिकीत कुणी उकरून काढलं तर? ऑफिसातल्या क्लार्कला मात्र आजाराचं नाव हवं होतं. मला आईचंही पटत होतं आणि खोटंही लिहायचं नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो इथं कामाला आला. डॉक्टरांनी ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत, विश्रांतीची गरज होती’ एवढंच लिहून दिलं. क्लार्कने तो कागद उलटसुलट पाहिला, “कसले उपचार?” विचारलं. म्हटलं, ते डॉक्टरकडे. शिक्का बसला.

आईने पुढच्या ओपीडीच्या दिवसाचं विड्यांचं पान-तंबाखू आणायला शेजारणीला आधीच सांगून ठेवलं होतं.