काखेतला कळसा, ७०,७७२ रुपयांना

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास फायनान्सच्या मॅडमनी मला, एचआरला, खाली बोलावलं. टेबलावर प्लेसमेंट कन्सल्टंटचं, म्हणजे माणसं शोधून देणाऱ्याचं, बिल होतं. पोझिशन सप्लायर क्वालिटी इंजिनियर (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघणारा), वार्षिक सीटीसी, म्हणजे त्याच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, ७,२०,०००, फी ८.३३ टक्के म्हणजे ५९,९७६, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७०,७७२. बिलात काहीच खटकण्यासारखं नव्हतं. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पॅकेजचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. चाकण-तळेगाव पट्ट्यात कन्सल्टंटची फी बहुतेक याच भावाने ठरते. उमेदवार रुजू झाला की बिल येतं आणि ९० दिवसांत तो सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा असतो.

मॅडमनी बिलाशेजारी एक प्रिंट ठेवला. "हा मुलगा यांनी आणला म्हणता, मग ९ मेची ही नोंद कसली?"

कन्सल्टंटचं बिल पास करण्याआधी त्या उमेदवाराची आमच्या अर्जांच्या सिस्टिममधली सगळ्यात जुनी नोंद काढून बघायची, असा नियम फायनान्सने नुकताच लावला होता. प्रिंटवर सगळं स्पष्ट होतं. ९ मे, रात्री ११:४३ ला आमच्याच वेबसाइटवरून थेट अर्ज. ११:४७ ला नकाराचा मेल. कन्सल्टंटकडून त्याच माणसाचा सीव्ही आला तो २ जूनला. १६ जूनला ऑफर, १७ ला त्याचा राजीनामा, ४ ऑगस्टला तो आमच्या गेटवर हजर. जो माणूस आपणहून दार वाजवत आला होता, त्याला चार मिनिटांत परत पाठवून चोवीस दिवसांनी आम्ही पैसे मोजून बोलावलं होतं.

मेलचा मजकूर मला पाठ आहे. "आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केल्यानंतर..." रात्री पावणेबाराला आमच्या ऑफिसात फक्त सिक्युरिटी असते.

वर येऊन मी दोन्ही सीव्ही शेजारी शेजारी उघडले. त्याने स्वतः पाठवलेला सीव्ही दिसायला देखणा होता. तयार टेम्प्लेटवर केलेले दोन कॉलम, डावीकडे निळी पट्टी, पट्टीत फोटो, फोनचं चिन्ह, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे. माणसाने वाचला तर दोष काढता येणार नाही. पण तो आधी माणूस वाचत नाही. सिस्टिम पीडीएफमधला मजकूर उपसते आणि नाव, शिक्षण, कंपनी, कालावधी अशा खणांत टाकते. त्यासाठी तिला ओळी ज्या क्रमाने मिळतात तो क्रम डोळ्यांना दिसतो तोच असेल, असं नाही. मी फाइल उघडली, सगळा मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केला. जे पडलं ते असं: फोन नंबर, त्याला चिकटून सध्याच्या कंपनीचं नाव, मग "मराठी, हिंदी, इंग्रजी", मग "एट-डी रिपोर्ट", मग छंदातलं क्रिकेट, आणि दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा सगळ्यांत शेवटी, एकापाठोपाठ एक, कुठल्या कंपनीच्या ते न कळता. तारे ही चित्रं, त्यामुळे तिथे काहीच नाही. आमच्या सिस्टिमने त्यावरून त्याचा एकूण अनुभव लिहिला होता: ० वर्षं. प्रत्यक्षात वाळूजला दोन कंपन्यांत मिळून सात वर्षं झाली होती.

नोकरी शोधणाऱ्याने बाकी काही केलं नाही तरी ही नोटपॅडची चाचणी करावी. दोन मिनिटं लागतात. एकच कॉलम, प्रत्येक नोकरीच्या शेजारीच "मे २०१८ ते मार्च २०२१" असा महिना-वर्षासह कालावधी, आणि फोन-ईमेल पानाच्या हेडरमध्ये न टाकता मजकुरात, कारण काही सिस्टिम हेडर-फूटर वाचतच नाहीत. अजून एक खोड आमच्याच क्षेत्रातली. सप्लायरचा सुटा भाग मंजूर करण्याच्या पद्धतीचं नाव त्याने "प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस" असं पूर्ण लिहिलं होतं. आम्ही शोधताना टाकतो पीपीएपी. साधा शब्दशोध अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. पूर्ण नाव आणि लघुरूप दोन्ही एकदा तरी लिहावं.

पण त्याचा अर्ज सीव्हीमुळे बाद झाला नव्हता. शून्य वर्षांमुळे तो यादीच्या तळाशी गेला असता इतकंच, आणि तळाशी कुणी जात नाही हेही खरं. स्कोअरनुसार वरचे तीसेक बघून आम्ही शॉर्टलिस्ट करतो. त्याला बाहेर काढलं ते फॉर्ममधल्या सातव्या प्रश्नाने. "आपण ३० दिवसांत रुजू होऊ शकाल का?" होय की नाही. त्याचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा. त्याने खरं ते सांगितलं: नाही. त्या प्रश्नाच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, "नाही आल्यास अर्ज आपोआप बाद". त्यात टिक होती.

ती टिक कुणी केली? मी मागे मागे जात शोधलं. दोन वर्षांपूर्वी एक शिफ्ट इंजिनियर अचानक गेला, लाइन अडली, तातडीची भरती निघाली, तेव्हा हा प्रश्न घातला होता. त्या वेळी तो बरोबर होता. पुढच्या प्रत्येक पोझिशनला जुनी रिक्विझिशन (भरतीची मागणी, फॉर्मसकट) कॉपी करून फक्त पदाचं नाव बदलायचं, ही आमची रीत, त्यामुळे प्रश्नही टिकेसकट पुढे येत राहिला. सप्लायर क्वालिटीच्या मॅनेजरला विचारलं तर ते म्हणाले, "मी कधी म्हटलं तीस दिवस? मला माणूस दिवाळीआधी हवा होता." आणि गंमत म्हणजे आमच्या स्वतःच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये इंजिनियरला ९० दिवसांची नोटीस आहे. स्वतःचा माणूस तीन महिने सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा महिन्यात हवा, असं सगळ्याच कंपन्या करतात. मग नोकरी शोधणाऱ्याने काय करायचं, आधी राजीनामा देऊन मग अर्ज?

आता कन्सल्टंटचा सीव्ही. तोच माणूस, पण वर्डची फाइल, एक कॉलम, वर एक छोटा तक्ता: सध्याचं पॅकेज ५.६, अपेक्षा ७.२, नोटीस ६० दिवस (चर्चेने कमी होईल), बदलाचं कारण, पुण्यात येण्याची तयारी. "हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेयर" हा वरचा परिच्छेद उडवून त्या जागी दोन ओळी होत्या: कास्टिंग आणि मशिनिंगचे बावीस सप्लायर सांभाळले, त्यातल्या चार जणांचं रिजेक्शन वर्षात निम्म्यावर आणलं, ते कसं तेही. मॅनेजरनी याच दोन ओळींवर पेन ठेवून "याला बोलवा" म्हटलं होतं. ही माहिती त्याच्या मूळ सीव्हीतही होती, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या नोकरीसारख्या दिसणाऱ्या एका चौकटीत.

तेवढ्यात मॅडमचा पुन्हा फोन. करार वाचला होता त्यांनी. उमेदवाराची माहिती मागच्या सहा महिन्यांत कंपनीकडे आधीच असेल तर फी देय नाही, असं कलम आहे. मी म्हटलं, त्याच कलमाची पुढची ओळ वाचा. सीव्ही मिळाल्यापासून ७२ तासांत "हा आमच्याकडे आहे" असं कंपनीने कळवायचं असतं. आम्ही कळवलं नव्हतं, आणि कळवणं शक्यही नव्हतं. सिस्टिम डुप्लिकेट ओळखते ती ईमेल आणि मोबाइलवरून. कन्सल्टंट मुलाखत ठरेपर्यंत सीव्हीवरचे हे दोन्ही झाकून पाठवतात, नाहीतर आम्ही थेट फोन करू अशी त्यांना भीती. (ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही.) पुढे जॉइनिंगचा फॉर्म भरताना "या ईमेलवर नोंद आधीच आहे" अशी सूचना आली होती. ऑनबोर्डिंगच्या मुलाने "एकत्र करा" दाबलं आणि पुढे गेला. त्याला त्यात भानगड कशी दिसणार?

तरी फोन केला. कन्सल्टंट जुने, पिंपरीत पंधरा-सोळा वर्षं हेच काम. भांडायला उठतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो तुमच्याकडे होता हे मान्य. पण तुम्ही त्याला बघितलं नव्हतं. आमच्याकडच्या मुलीने त्याच्याशी चाळीस मिनिटं बोलून तो सीव्ही परत लिहिलाय. फी कशाची घेतो आम्ही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त एक विचारलं, उमेदवाराने आधी थेट अर्ज केला होता का, हे तुम्ही त्याला विचारता का? विचारतो, म्हणाले, पण तोंडी. तिथे चूक त्यांची. "अमुक कंपनीत मागच्या सहा महिन्यांत मी अर्ज केलेला नाही आणि माझा सीव्ही तुम्हीच पाठवावा" अशी एका ओळीची मेलवर संमती घेतली की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत.

दुपारी जेवणाआधी इनवर्ड इन्स्पेक्शनला (बाहेरून आलेला माल तपासतात तिथे) जाऊन त्या मुलाला गाठलं. व्हर्निअर हातात, समोर एका सप्लायरकडून आलेलं हाउसिंग, म्हणजे भागाचं बाहेरचं कवच. मी सहजच विचारावं तसं विचारलं की मेमध्ये अर्ज केला होता ते कन्सल्टंटना का नाही सांगितलं. तो जरा घाबरला. "मॅडम, नकार आला होता ना. सांगितलं असतं तर त्यांनीही हात आखडता घेतला असता."

बरोबरच होतं त्याचं. मग त्यानेच विचारलं, "पगार हातात अठ्ठेचाळीस येईल ना?" ऑफर देताना हे आमच्याकडून नीट सांगितलं जात नाही, म्हणून तिथेच खोक्यावर लिहून दाखवलं. ७.२० लाखांतले ७२,००० व्हेरिएबल, म्हणजे ठरलेला नसलेला भाग, वर्षातून एकदा, तेही कंपनीच्या मर्जीवर. कंपनीचा पीएफ महिना १,८०० प्रमाणे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, बेसिक ३०,००० म्हणून वर्षाला १७,३१६. ती हातात यायला नियमाने पाच वर्षं. मेडिक्लेमचा हप्ता ९,०८४. हे सगळं मिळून १,२०,००० गेले. उरले सहा लाख, महिना ५०,०००. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). राहिले ४८,०००. सीटीसीला बाराने भागून ६०,००० समजणारा माणूस पहिल्या पगाराला एचआरच्या दारात उभा असतो, आणि चूक त्याची नसते.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. मेच्या फॉर्ममध्ये त्याने अपेक्षित पॅकेज लिहिलं होतं ६.५. कन्सल्टंटने ते ७.२ करून पाठवलं. फी टक्क्यांत असली की पॅकेज वर सरकवण्यात त्यांचाही फायदा असतो. सध्याच्या पगारावर तीस टक्क्यांच्या वर वाढ द्यायची नाही हा आमचा अलिखित नियम, ७.२ त्यात बसत होतं, म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे फी वेगळी आणि वर वर्षाला सत्तर हजार. त्या मुलाचं त्यात भलंच झालं, आणि त्या पोझिशनचा बाजारभावही सात-सव्वासातच आहे. आमच्या फॉर्ममध्ये आकडा टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा लोक भीतभीत कमी आकडा टाकतात.

प्लांट हेडना दुपारी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचे पैसे देऊन टाका. आणि तो फॉर्म मला दाखवा." मॅडमनी बिल पास केलं; जीएसटीचं क्रेडिट मिळेल, खरा फटका ५९,९७६ चा, एवढीच नोंद पेन्सिलीने केली.

मग मी त्या पोझिशनचं बाद अर्जांचं फोल्डर उघडलं. सातव्या प्रश्नावर अडलेले वेगळे काढले आणि संध्याकाळपर्यंत जमतील तेवढे, साठेक, स्वतः वाचले. त्यातले नऊ असे होते की मेमध्ये समोर आले असते तर मी फोन केला असता. एका जणाने नोटीसच्या प्रश्नाला "नाही" म्हणून खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "बायआऊट स्वतः भरेन, ३० दिवसांत येतो"; बायआऊट म्हणजे उरलेल्या नोटीसच्या दिवसांचे पैसे. शेऱ्याचा रकाना बाद झालेल्या अर्जात आपोआप उघडत नाही.

कास्टिंग लाइनसाठी तशीच एक जागा निघणार होती, म्हणून नवांपैकी तिघांना फोन लावले. एक दुसरीकडे रुजू झाला होता. दुसऱ्याने उचलला नाही. तिसरी भोसरीतली, सहा वर्षांचा अनुभव. मी कंपनीचं नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "पण मॅडम, तुमच्याकडून तर नकार आला होता. विचार करून दिलाय असं लिहिलं होतं."

मी म्हटलं, तो सिस्टिमने पाठवला होता, कुणी वाचलं नव्हतं.

"मग आता कुणी वाचलं?"

मी वाचलं, म्हटलं. शनिवारी अकरा वाजता येते म्हणाली.

सातवा प्रश्न त्याच संध्याकाळी बदलला. आता तिथे "नोटीस पिरियड किती दिवस" असा आकड्याचा रकाना आहे आणि कुठलंही उत्तर अर्ज बाद करत नाही. रिक्विझिशन कॉपी करणं बंद केलं. नकाराच्या मेलमधलं "काळजीपूर्वक" काढायला मात्र हेड ऑफिसची मंजुरी लागते, कारण तो मजकूर सगळ्या प्लांटना एकच आहे. विनंती टाकली आहे. स्टेटस अजून "विचाराधीन" दाखवतं.