दिवे घाटातली तुळस

हडपसरला राहणाऱ्या माणसाला दिवे घाट नवा नसतो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी मी कितीदा तरी तो चढले आहे. वडकीपासून माथा जेमतेम चार किलोमीटर. चढण सावकाश, लहान मुलंही कुरकुर न करता चढतात. अर्ध्यावर कठड्याशी थांबायचं आणि मागे बघायचं. खाली १७२०च्या सुमाराचा, बाजीराव पेशव्यांच्या काळातला मस्तानी तलाव, पलीकडे शेतं, आभाळ स्वच्छ असेल तर थेट पुण्याच्या इमारती. या मागे वळून बघण्यासाठीच तर मी येत असे.

माउलींच्या पालखीबरोबर मात्र पहिल्यांदाच निघाले होते. पुणे ते सासवड हा आळंदी-पंढरपूर वाटेवरचा मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात एकादशीचा उपास. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माउली सासवडकडे वळतात. मी तिथेच एका दिंडीच्या मागे लागले. कुणी विचारलं नाही, तू कुठली, कुणाची. दुपारी वडकीच्या विसाव्यात एकीनं हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि म्हणाली, "खा माउली, घाट हाय म्होरं."

घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जोडतात. आसपासच्या गावांतले शेतकरी आपले बैल सजवून आणतात; शिंगांना रंग, पाठीवर झूल. जोड्या ओळीनं जुंपल्या की कासरे धरणाऱ्यांची नजर फक्त बैलांच्या पायांवर असते. रथ हलला तेव्हा आजूबाजूच्या हजारो लोकांनी एकदम "माउली, माउली" असा गजर केला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या चढावर बैलांइतकंच मन लावून कुणी काही ओढत असेल असं मला वाटत नाही.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी आणि मागे तुळशी घेतलेल्या बायका. (फोटोसाठी घाटात आलेल्यांना एक कळकळीची विनंती: दिंडीच्या मधून आडवे जाऊ नका. चाल तुटली की मागच्या म्हाताऱ्या माणसांना ती पुन्हा धरायला फार जड जातं.) टाळांच्या ठेक्यावर पाऊल पडत गेलं तेव्हा समजलं, एरवी आपण घाट चढताना किती घाई करतो. दिंडीत दम लागतच नाही, कारण दम लागेल इतकं भरभर कुणी चालत नाही.

माझ्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या. साठीच्या पुढच्या. डोक्यावर पितळी वृंदावन, त्यात ओल्या मातीत हात-दीड हात वाढलेली तुळस. एका वळणावर त्यांनी पदरानं मान पुसली. मी म्हटलं, "मावशी, थोडा वेळ मी घेऊ?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पायात बूट होते. मी ते काढून पिशवीत टाकले. मग त्यांनी चुंबळ माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि वर वृंदावन ठेवलं. "मान ताठ ठिव. एक हात लाव. खाली बघायचं न्हाई."

वाटलं होतं त्याहून ते बरंच जड होतं. वजन आधी टाळूवर येतं, मग मानेत उतरतं आणि चार पावलांनी कमरेला कळतं. तलावाचं वळण आलं आणि सवयीनं मी मागे वळायला गेले. वृंदावन कललं, गढूळ पाण्याचा एक ओघळ कपाळावरून नाकापर्यंत आला. मावशींनी चटकन हात लावला.

"काय हाय मागं?"

"तळं आहे, मावशी. मस्तानी तलाव."

"पानी हाय का त्यात?"

मला वळता येत नव्हतं. मावशीच कठड्याशी गेल्या आणि बराच वेळ खाली पाहत राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तळाला गेलंय. शेतं बी कोरडीच दिसत्यात." आजवर त्या तळ्याचे मी पन्नासेक फोटो काढले असतील. पाणी किती आहे हे कधी बघितलं नव्हतं.

तीन वळणं तुळस माझ्या डोक्यावर होती. समोरच्या बाईची पाठ, तिच्या पदराची हिरवी किनार आणि रस्ता, एवढंच दिसत होतं. टाळ मात्र चारी बाजूंनी ऐकू येत होते.

माथ्यावर विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी वारा लागला. मावशींनी वृंदावन उतरवून घेतलं, बाटलीतलं उरलेलं पाणी तुळशीच्या बुडाशी ओतलं, स्वतः प्यायल्या नाहीत. मग कनवटीचा साधा फोन काढून मुलाला लावला.

"पडला का तिकडं?"

पलीकडचं थोडा वेळ ऐकलं.

"मग थांब. कोरड्यात बी टाकू नको. मी सांगते त्याला."

फोन पुन्हा कनवटीला गेला. चुंबळ डोक्यावर बसवली, मी वृंदावन उचलून दिलं आणि त्या सासवडच्या उताराला लागल्या.