तुम्ही विचारलंत म्हणून: मी रोख पैसे का देते

"लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?" रोख पैसे दिले की हे कुणीतरी विचारतंच. माझा पगार खात्यात येतो, कर आधीच कापला जातो, विजेचं बिल मी यूपीआयनेच भरते. काही ठिकाणी मात्र नोटाच देते.

घरासाठी कर्ज काढत होतो. बँकेला सहा महिन्यांचं स्टेटमेंट हवं होतं. एजंट घरी आला, जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. सासूबाई, सासरे, दीर भोवती बसलेले. यूपीआयच्या ओळीत पैसे घेणाऱ्याचं नाव छापून येतं. एजंट आधीचे हप्ते शोधत होता. दर मंगळवारी तीच रक्कम, तेच नाव. त्यानं पेनानं खूण केली. "मॅडम, हा कुठला ईएमआय?" दिरांनी वाकून मोठ्यानं वाचलं. नावातच 'समुपदेशन केंद्र' होतं. बाळ गेल्यानंतर मी तिथे जात होते, हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाई कप उचलून आत गेल्या. त्यानंतर घरात माझ्यासमोर लहान मुलांचा विषयच निघेना. कर्ज मंजूर झालं. मी केंद्रात जाणं थांबवलं. पुन्हा सुरू केलं ते रोख पैसे घेऊनच.

यात कुणी चोरी केली नाही, कायदा मोडला नाही. एजंटनं त्याचं काम केलं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माझ्या टेबलावर तो निकाल काय कामाचा?

नोटाबंदीनंतर मीच सगळ्यांना सांगायचे, नोंद राहिली की कुणी फसवत नाही. ते खोटं नव्हतं. घरमालकानं डिपॉझिट घेतल्याचं नाकारलं तेव्हा त्याच नोंदीमुळे पैसे परत मिळाले. दोन्ही अनुभव माझेच आहेत, आणि एकानं दुसरा खोडला जात नाही.

पण "डिजिटल म्हटलं की नोंद आलीच" हे मला मान्य नाही. डेव्हिड चाउम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानं 1982 साली दाखवलं होतं, की बँक डिजिटल नोटेचा क्रमांक न पाहताच तिच्यावर सही करू शकते. नोट खरी ठरते, पण ती कुणी खर्च केली हे बँकेला जुळवता येत नाही. असे पैसे चालवू पाहणारी त्याची डिजीकॅश कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया, म्हणजे तिचं स्वतःचं डिजिटल चलन, 1 डिसेंबर 2022 पासून मुंबईसह काही शहरांत चाचणीसाठी आला. छोट्या व्यवहारांत रोखीसारखी अनामिकता असावी, असं तिच्या टिपणात होतं. पण त्याचं वॉलेट उघडतं ते माझ्या मोबाइल नंबरवरच.

नवरा म्हणतो, वेगळं खातं काढ. पुढच्या कर्जाला त्याचंही स्टेटमेंट मागितलं तर?