गुण्या पर्समध्ये घालून

फोटोफ्रेमचे तीन कोपरे छान बसले. चौथा जुळेना. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फ्रेम खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि त्या फटीत पेन्सिलीचं टोक घातलं. टोक आरामात आत गेलं. बोलले काहीच नाहीत, फ्रेम परत माझ्या हातात दिली. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत तीसेक वर्षं पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचे. ओतीव लोखंड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच तेवढी मोठी आखलेली असते. ती पट्टी अजून त्यांच्या खणात आहे. माझ्या लेकीने एकदा ती नकळत शाळेत नेली आणि भूमितीच्या वहीत सगळ्या बाजू मिलिमीटरभर लांब काढून आली. अशा माणसासमोर फटीची फ्रेम ठेवायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल.

आमची नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. दारं-खिडक्यांच्या सागवानी चौकटी भंगारात चालल्या होत्या. बाबांनी दोन दारांच्या आणि तीन खिडक्यांच्या चौकटी हट्टाने राखून ठेवल्या आणि त्या आमच्या कोलशेतच्या भाड्याच्या घरात गॅलरीभर पसरल्या. त्या लाकडाच्या फ्रेमा करून प्रत्येक भावंडाकडे आजी-आजोबांचा एकेक फोटो द्यायचा, असं ठरलं. बाबांचा हात आता थरथरतो, त्यामुळे कापायचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेत नोकरी करते. लाकूडकामात माझी मजल तोवर एका चपलांच्या स्टँडपर्यंत गेलेली होती.

आधी प्लॅस्टिकचा मायटर बॉक्स आणला, तीनशे रुपयांचा. पंचेचाळीस अंशाच्या खाचेत करवत घालून कापायचं. पाचव्या-सहाव्या कापालाच खाच रुंद झाली आणि करवत तिच्यात डुलायला लागली. मग ऑनलाइन मायटर सॉ (फिरतं पातं वरून खाली आणून हव्या त्या कोनात कापणारं मशीन) मागवला, 7,200 रुपयांचा. वर फोटो झकास, खाली तारेच तारे. ती चौथ्या कोपऱ्याची फट त्याच मशीनची.

हिशेब बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेवर मांडला. एका फ्रेमला 8 काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तरी एका सांध्यात 1 अंश जातो. पट्टी 50 मिलिमीटर रुंद, म्हणजे तिरका सांधा साधारण 71 मिलिमीटर लांब, आणि तेवढ्या लांबीवर 1 अंश म्हणजे सव्वा मिलिमीटरची फट. मी काय केलं होतं? पहिले तीन कोपरे क्लॅम्पने आवळून बळंच मिटवले होते. मग चारही कोपऱ्यांची चूक शेवटच्या कोपऱ्यात जमा झाली, 4 अंश, जवळजवळ 5 मिलिमीटर.

"अर्धा अंश काही फार नाही, बाबा," मी म्हटलं.

"एका कापात नाही," ते म्हणाले.

मशीनचा दोष शोधायला आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. आधी गुण्याच (काटकोन बघायचं साधन) तपासला. त्याला दुसरं कुठलं यंत्र लागत नाही. प्लायच्या सरळ कडेला गुण्या लावून बारीक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्याची चूक. माझा स्टेशनरीच्या दुकानातला गुण्या तिथेच बाद झाला. बाबांचा जुना पोलादी गुण्या खरा निघाला.

तो लावला आणि मशीन उघडं पडलं. लाकूड ज्या उभ्या पट्टीला टेकवतात, तिला फेन्स म्हणतात. ती पात्याच्या डावी-उजवीकडे अशी दोन तुकड्यांत होती आणि ते दोन तुकडे एका रेषेतच नव्हते. तेही एक वेळ चाललं असतं. पण टेबल फिरवून पंचेचाळीसच्या खाचेत पाच वेळा बसवलं, तर पाच वेळा काप वेगळा. ठरावीक अर्धा अंश चूक असती तर आम्ही फेन्स सैल करून ती काढली असती. रोज नवी चूक करणाऱ्या मशीनला काय दुरुस्त करणार? परत पाठवलं. पैसे यायला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले, त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल.

नंतर बाबा मला वागळे इस्टेटला त्यांच्या ओळखीच्या एका ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडे घेऊन गेले. खिडक्यांच्या चौकटी करणारा माणूस, दिवसाला शेकडो पंचेचाळीस मारतो. त्याच्या मशीनचा रंग कधीच उडालेला, कोन वाचायच्या पट्टीवरचे आकडेही पुसलेले. "आकडे कोण बघतो, वहिनी?" तो म्हणाला. त्याने एक पट्टी मधोमध सरळ कापली, एक अर्धा पालथा केला, दोन्ही अर्धे फेन्सला टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. उजेड दिसला नाही. पालथं केल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, गुण्याच्या दोन रेघांसारखीच.

मी 12 इंची पात्याचं मशीन घ्यावं म्हणत होते, मोठं ते चांगलं अशा हिशेबाने. त्याने ते डोक्यातून काढलं. पातं जेवढं मोठं तेवढं कापताना लवतं, आणि दर वेळी नवं पातंही महाग पडतं. फोटोफ्रेमच्या पट्टीला 10 इंच भरपूर. स्लायडिंगचं, म्हणजे पातं दांड्यांवरून पुढे-मागे सरकणारं, रुंद फळ्या कापायला लागतं, पण त्या दांड्यांना मागे मोकळी जागा हवी, आणि स्वस्तातल्या स्लायडिंगमध्ये दांड्यांचा खुळखुळा हीच पहिली कटकट. आमची गॅलरी चार फूट खोल. विषय संपला.

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी असते. मशिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला, अवजारांच्या बाजारात गेले. पर्समध्ये बाबांचा गुण्या, 120 मिलिमीटर रुंद एमडीएफच्या चार पट्ट्या आणि झेरॉक्सच्या कागदाचे तुकडे. कागद बाबांची युक्ती. साधा झेरॉक्सचा कागद एक दशांश मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे फट मोजायला तो फुकटचा फीलर गेज होतो. 120 मिलिमीटरच्या पट्टीत दोन कागदांएवढी फट असेल तर खरी चूक एका कागदाएवढी, म्हणजे अंशाचा विसावा भाग. तेवढी आम्हाला चालणार होती.

पहिल्या दुकानात बॉक्स उघडायलाच तयार नव्हते. दुसऱ्यात मी गुण्या बाहेर काढला तसा काउंटरवरचा मुलगा हसला. तिसऱ्या दुकानातल्या शेठनी मात्र विचारलं, "मॅडम, फोटोफ्रेम का?" आणि मांडून ठेवलेल्या मशीनचा प्लग लावायला सांगितला. बॉश, मकिता, डीवॉल्ट सगळं त्या गल्लीत मिळतं, आपल्याकडच्या कंपन्यांचंही. मी शेवटी कुठलं घेतलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या हातात येईल ते नग माझ्या नगासारखं असेलच असं नाही.

प्लग काढलेला असताना पात्याचा दांडा खाली आणला आणि मूठ डावी-उजवीकडे हलवली. एका मशीनमध्ये टक्-टक् असा बारीक आवाज आला, ते बाजूला. टेबल दर वेळी पूर्ण फिरवून पंचेचाळीसच्या खाचेत पाच वेळा बसवलं. फेन्सला गुण्याची लांब बाजू लावली, ती सलग टेकली. मग पट्टी कापून, पालथी घालून कागद घातला. एक गेला, दोन गेले, तिसरा अडकला. सरळ काप जरा चुकतोय, पण दर वेळी तेवढाच. म्हणजे सुधारता येणारी चूक. "हाच द्या," मी म्हटलं. शेठ म्हणाले, "सीलबंद देतो ना." नको म्हटलं, मी तपासलाय तोच द्या. साडेसतरा हजारांत ठरलं, मांडलेला नग म्हणून पाचशे कमी करून.

चौदा किलोचा बॉक्स. नवऱ्याला ऑफिसमधून बोलावून घेतलं आणि मालडब्यातून ठाण्याला आलो. एका कोळीण मावशींनी बॉक्सवर टोपली टेकवली आणि विचारलं, "मिक्सर का गं?"

मशीनवर 1,800 वॉट लिहिलेलं. घरातला साधा 6 अँपियरचा पॉइंट 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॉट पेलतो. गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी 16 अँपियरचा पॉइंट होता म्हणून निभावलं. आता मशीन लावायचं त्या दिवशी कपडे सकाळीच धुऊन होतात.

जुळवणी बाबांनी खुर्चीत बसून माझ्याकडून करून घेतली. पहिला शब्द, "प्लग." मग फेन्सचे चार बोल्ट एलन कीने सैल. गुण्याची एक बाजू फेन्सला, दुसरी पात्याला. इथे मी चुकले. गुण्या दाताला टेकला होता. कार्बाइडचे दात पात्यापेक्षा जाड असतात आणि दोन्ही बाजूंना बाहेर येतात, त्यामुळे दाताला टेकवलेला गुण्या खोटं सांगतो. दोन दातांच्या मधल्या पोलादाला टेकवायचा. तसं केल्यावर फेन्स केसभर हलली, बोल्ट एक-एक करून समोरासमोरचे आवळले, मध्येच पुन्हा तपासलं कारण आवळताना ती हलतेच. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कागद अडकला.

टेबलावर 31.6 अंशाची एक खाच आहे. कशासाठी, म्हणून शोधलं, तर अमेरिकन घरांत भिंत आणि छताच्या कोपऱ्यात तिरकी नक्षीदार पट्टी बसवतात, ती आडवी ठेवून कापण्यासाठी. आमच्याकडे पीओपीवाला ते काम हाताने करतो. ती खाच निवांत आहे.

सोबत आलेलं पातं 40 दातांचं. सागवानाच्या कडेला ते कुसं काढायचं. 80 दातांचं लाकडाचं पातं आणलं, 2,300 रुपये. मधल्या भोकाचा व्यास आधी बघून गेले होते (माझ्या मशीनला 25.4 मिलिमीटर, काहींना 30 असतो). दात मागे झुकलेले हवेत हेही त्या सेक्शनवाल्यानेच सांगितलं होतं. पुढे झुकलेले दात लाकूड ओढून घेतात, वरून खाली येणाऱ्या पात्याला ते धोक्याचं. मात्र त्याच्याकडचं 120 दातांचं ॲल्युमिनियमचं पातं घेऊ नका, लाकडात ते जळकट वास काढतं.

एवढं करूनही पहिली फ्रेम पुन्हा चुकली. कोन सगळे बरोबर होते. समोरासमोरच्या बाजू पाऊण मिलिमीटरने कमी-जास्त होत्या, आणि मग कोन कितीही खरे असोत, चौकट मिटत नाही. टेप लावून खुणा करायचा नाद त्या दिवशी सोडला. फेन्सला प्लायचा ठोकळा क्लॅम्प केला, पट्टीचं टोक त्याला टेकवलं आणि दोन्ही बाजू तशाच कापल्या. ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्याची कड बाबांनी पटाशीने उडवायला लावली, नाहीतर तिथे भुसा साठतो आणि तेवढी पट्टी आखूड पडते.

जुन्या लाकडातले खिळे हे आणखी एक प्रकरण. डोळ्याला दिसत नाहीत, डोकी कधीच गंजून गेलेली. जुन्या स्पीकरचा चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवला की तो मध्येच एका जागी चिकटतो. एका चौकटीतून सतरा खिळे निघाले. एक सुटला. ठिणगी उडाली, दोन दात गेले, आणि नव्या पात्याला धार लावायला पाठवावं लागलं. एकदा बोटभर लांबीचा तुकडा पातं आणि फेन्सच्या मध्ये सापडून गॅलरीच्या ग्रिलवर जाऊन आदळला. तेव्हापासून पातं पूर्ण थांबल्याशिवाय दांडा वर उचलत नाही, गॉगल उतरवत नाही, आणि छोटा तुकडा हाताने धरत नाही. सागवानाच्या भुशाने मला शिंका येतात, त्यामुळे मास्कही आला.

आवाज फार होतो, हे खरं. खालच्या मजल्यावरच्या आजी पहिल्याच दिवशी काठी टेकत वर आल्या. दुपारी दोन ते चार बंद, आणि एका दिवशी तासाभराच्या वर नाही, असं ठरलं. कापायला खरं तर दहा मिनिटं लागतात. बाकीचा वेळ चुंबक फिरवण्यात, ठोकळा लावण्यात आणि कागद घालून बघण्यात जातो, त्याचा आवाज होत नाही.

पाच फ्रेमा झाल्या, दोन राहिल्यात. पावसात केलेल्या एका पाइनच्या फ्रेमचे कोपरे बाहेरच्या अंगाने उघडले, लाकूड रुंदीत फुगलं की असं होतं. सागवानाच्या अजून तशाच आहेत. पाचवी झाल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे ती उजेडाला धरली, चौथ्या कोपऱ्यात कागदाचा तुकडा सरकवून पाहिला आणि विचारलं, "काच कधी आणणार?"